अर्धे खोलीत, अर्धे बाहेर: शिरोलीच्या फाउंड्रीतल्या बैठकीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१२ मे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. दर आठवड्याला रिजेक्शनची, म्हणजे नाकारल्या गेलेल्या कास्टिंगची (ओतीव तुकड्यांची) बैठक. फाउंड्रीतली पाच-सहा माणसं वरच्या मजल्यावरच्या खोलीत टेबलाभोवती बसतात. मशीन शॉपवाले गोकुळ शिरगावहून, पॅटर्नवाले (साचा ज्यावरून बनतो तो नमुना करणारे) आप्पा उद्यमनगरातून आणि ग्राहक कंपनीच्या क्वालिटीच्या ताई चाकणहून जोडले जातात. पूर्वी ताई सोडल्या तर सगळे शिरोलीतच जमायचे. २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद पडली, तेव्हा फोनवर बैठका सुरू झाल्या. पाणी ओसरलं, सवय राहिली.

खोलीतले आणि बाहेरचे दोघांनाही नीट भाग घेता येईल अशी सोय करायचं काम आमच्याकडे आहे. सध्याची सोय म्हणजे टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप आणि भिंतीवर टीव्ही. आम्ही राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसातून एक अख्खी बैठक नुसती ऐकली. मालक (सगळे त्यांना दादा म्हणतात) लॅपटॉपशेजारी बसतात, त्यामुळे ते स्वच्छ ऐकू येतात. बाकीचे विहिरीत उतरून बोलल्यासारखे. आप्पा सारखे "मी काय म्हणतो..." म्हणून सुरुवात करत होते आणि खोलीत कुणाच्या कानावरही जात नव्हतं. शेवटी दोष पॅटर्नचा आहे असं ठरलं. आप्पा हजर असताना, त्यांच्या गैरहजेरीत.

म्हणून कामाचा क्रम असा लावला: बाहेरच्याला कोण बोलतंय ते कळलं पाहिजे, त्याला मध्ये बोलता आलं पाहिजे, आणि कास्टिंगवरचा दोष दिसला पाहिजे. चेहरे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक महागड्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात, पण या बैठकीत दादांचा चेहरा एचडीमध्ये बघायची हौस कुणालाच नाही.

तयार साधनं आहेतच. झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटांची मर्यादा, गूगल मीटच्या फुकट खात्यात तीन किंवा जास्त माणसं असली तर ६० मिनिटांची. पैसे भरले की मर्यादा जाते, पण खोलीच्या बाजूला आम्हाला जे बदल करायचेत ते त्यांच्या आत शिरून करता येत नाहीत. म्हणून जित्सी मीट घेतलं: मुक्त स्रोत, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, स्क्रीन हवी तशी बदलता येते. आवाज-चित्राचं इंजिन स्वतः लिहायच्या फंदात पडायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. ब्राउझरमधलं वेबआरटीसी ते काम आपल्यापेक्षा चांगलं करतं.

१६ मे

सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधला घेतला. चार कोअर, आठ जीबी रॅम, महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. ब्राउझर कॅमेरा-माइकची परवानगी एचटीटीपीएसवरच (सुरक्षित जोडणीवरच) देतो, म्हणून आधी सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं. त्याची मुदत ९० दिवस, तेव्हा आपोआप नूतनीकरण लावल्याशिवाय उठू नका.

मग जित्सी बसवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला भेटणारी अडचण आली. दोघं बोलत असले की सगळं झकास. तिसरा आला की तिघांचाही आवाज आणि चित्र गायब. वाटतं तिसऱ्याच्या फोनमध्ये काहीतरी बिघडलंय, आणि माणूस फोन बदलत बसतो. खरं कारण वेगळं आहे. दोघंच असतात तेव्हा जित्सी त्यांना थेट एकमेकांशी जोडतं, आवाज-चित्र सर्व्हरमधून जातच नाही. तिसरा आला की सगळं व्हिडिओब्रिजमधून (आवाज-चित्र सगळ्यांना वाटणारा सर्व्हरवरचा भाग) जायला लागतं, आणि त्यासाठी यूडीपीचं (पॅकेट पोहोचल्याची वाट न बघता पाठवायच्या पद्धतीचं) १०००० नंबरचं पोर्ट उघडं लागतं. आम्ही ते सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडलं होतं, क्लाउडच्या पॅनेलवर दुसरी फायरवॉल असते तिथं ते बंदच होतं. शिवाय ब्रिज लोकांना स्वतःचा खासगी आयपी पत्ता सांगत होता. सार्वजनिक पत्ता कॉन्फिगमध्ये लिहून द्यावा लागला. चाचणी करायची तर तीन उपकरणांनीच करा, दोनवर काहीच सिद्ध होत नाही.

चाकणच्या ऑफिसात तर बाहेर जाणारं यूडीपीच बंद. तिथल्यासाठी टर्न सर्व्हर (थेट वाट बंद असली की मध्ये राहून आवाज-चित्र पोहोचवणारा) वेबसाइटच्या नेहमीच्या ४४३ पोर्टवर टीएलएसमधून चालवला. त्या पोर्टवर वेब सर्व्हर आधीच बसलेला होता, म्हणून टर्नला वेगळा सबडोमेन देऊन एनजिनएक्सला (त्याच वेब सर्व्हरला) नावावरून वाटणी करायला लावली. या वाटेनं ताईंचा आवाज थोडा उशिरा येतो, कारण टीसीपीत, म्हणजे सगळं क्रमानंच पोहोचवणाऱ्या पद्धतीत, एक पॅकेट हरवलं की मागची सगळी अडून बसतात. त्याला इलाज नाही.

२२ मे

खोलीचा आवाज. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जाणारच होता.

बाहेरच्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता. ब्राउझर प्रतिध्वनी काढतो तो असा: आपण स्पीकरला काय पाठवलं हे त्याला ठाऊक असतं, माइकमधून आलेल्या आवाजातून तो तेवढं वजा करतो. पण आवाज एचडीएमआयनं टीव्हीत गेला की टीव्ही तो चित्राबरोबर उशिरानं सोडतो, वर "सराउंड" नावाखाली त्याचा आकार बदलतो, आणि कुणी रिमोटनं आवाज वाढवला तर ब्राउझरला पत्ताच नसतो. वजाबाकी चुकते. सराउंड बंद केल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. टीव्ही फक्त चित्रासाठी ठेवला आणि यूएसबी स्पीकरफोन आणला, साधारण अकरा हजारांना. स्पीकर आणि माइक एकाच डब्यात असल्यामुळे तो स्वतःच प्रतिध्वनी काढतो.

आता नवं दुखणं: दोन्हीकडची माणसं एकदम बोलली की शब्द तुटायचे. स्पीकरफोनही वजा करतोय आणि ब्राउझरही, त्यात खरं बोलणंच कापलं जात होतं. खोलीच्या लॅपटॉपपुरती ब्राउझरची प्रतिध्वनी काढण्याची सोय बंद केली. बाकी कुणाची बंद करू नका. घरी-ऑफिसात नुसत्या फोनवर असलेल्यांना ती लागतेच.

२९ मे

टाळी वाजवली की खोली कितीतरी वेळ वाजत राहते. उघड्या भिंती, सनमायकाचं टेबल, डोक्यावर पत्रा. स्पीकरफोनपासून दीड-दोन मीटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या थेट आवाजापेक्षा भिंतीवरून फिरून आलेला आवाजच जास्त पोहोचतो. विहीर तयार होते ती यानं. महागडा माइक आणून हे सुटत नाही, खोलीच मऊ करावी लागते.

सुताराचं म्हणणं होतं थर्माकोल लावू, स्वस्तात होईल. थर्माकोलच्या आत हवा कोंडलेली असते, आवाज शिरायला वाट नसते, त्यामुळे तो शोषत काही नाही. अंड्याच्या ट्रेचीही तीच गत. ५० मिलिमीटर जाडीची ग्लासवूल कापडात गुंडाळून लाकडी चौकटीत बसवली आणि टेबलाच्या समोरच्या दोन भिंतींवर टांगली. खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदे. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत. टेबलही फिरवलं: स्पीकरफोन मधोमध, माणसं भोवती. दादांना टोकाची जागा सोडायची नव्हती. त्यांना राजारामपुरीहून केलेलं त्यांच्याच बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, मग सोडली.

६ जून

खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या फोनवरही बैठकीत यावं, म्हणजे बाहेरच्यांना प्रत्येकाचं नाव दिसेल आणि हात वर करायची सोय सगळ्यांना सारखी होईल, अशी कल्पना. गूगल मीटमध्ये याच्या जवळ जाणारा "कम्पॅनियन मोड" आहे. आम्ही टेबलावर क्यूआर कोड चिकटवला.

पहिल्याच बैठकीत खोली किंचाळली. एकाच्या फोनचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये, त्याचा तिसऱ्याच्यात. क्यूआरच्या लिंकमध्ये दोन गोष्टी घातल्या: फोनमधून बाहेरच्यांचा आवाज येणारच नाही, आणि माइक बंद अवस्थेतच सुरू होईल. तरी कुणीतरी सवयीनं माइकचं बटण दाबायचाच. शेवटी या लिंकवरच्या स्क्रीनवरून बटणच काढून टाकलं. जे बटण तिथं दाबायचंच नाही ते दाखवायचं कशाला?

खोलीत कोण आहे हे आपोआप ओळखावं म्हणून एकाच वायफायवरून आलेले म्हणजे खोलीतले, असंही करून पाहिलं. निम्मी माणसं मोबाइल डेटावर असतात, आणि खाली शॉपमधला सुपरवायझर त्याच वायफायवर असतो. सोडून दिलं. क्यूआर बरा.

१० जून

कोण बोलतंय हे बाहेरच्यांना कळावं म्हणून आधी फोनवर "मी बोलतोय" असं बटण दिलं होतं. कुणीही दाबलं नाही. बोलायची घाई असलेला माणूस आधी फोन शोधून बटण दाबेल ही अपेक्षाच गैर.

मग दुसरा मार्ग काढला, आणि आख्ख्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. प्रत्येकाचा फोन त्याच्यासमोर टेबलावर असतो. क्यूआरनं उघडणाऱ्या पानानं फोनचा माइक घ्यायचा, पण आवाज पाठवायचा नाही. फक्त तो किती मोठा आहे एवढा एक आकडा सेकंदातून काही वेळा पाठवायचा. ज्याच्या फोनजवळ आवाज मोठा, त्याचं नाव बाहेरच्यांच्या स्क्रीनवर खोलीच्या चित्राखाली उमटतं.

पहिल्यांदा नावं वाट्टेल तशी उड्या मारत होती. फोन स्वतःहून हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करतात, त्यामुळे सगळ्यांचे आकडे सारखेच यायचे. माइक मागताना ही सोय आणि नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कापणं) दोन्ही बंद करायला सांगितलं. तरी स्वस्त फोन आणि महाग फोन यांच्या माइकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून आकड्यांची आपापसात तुलना सोडली. प्रत्येक फोन आधी स्वतःची शांततेची पातळी धरतो आणि तिच्यावर किती चढलो तेवढंच सांगतो. आणि कुणी नुसतं "व्हय व्हय" म्हटलं म्हणून नाव बदलू नये यासाठी, नवा आवाज सेकंदभर टिकला तरच नाव बदलायचं. यानं काम झालं. अगदी चिकटून बसलेली दोघं अजून कधीकधी अदलाबदल होतात. स्क्रीन झोपली की माइकही थांबतो, म्हणून स्क्रीन जागी ठेवायची सोय चालू केली. बैठकीच्या शेवटी जुन्या फोनांची बॅटरी रडते.

पण खरी अडचण तांत्रिक नव्हती. फोनवर माइक चालू असल्याची खूण दिसली आणि मोल्डिंगचे (साचे तयार करणारे) मामा म्हणाले, "आमचं बोलणं कुठं साठवताय व्हय?" रास्त प्रश्न आहे. बैठकीत माणसं मालकासमोर बोलत असतात. पानावर ठळक लिहिलं की इथून आवाज कुठेही जात नाही. मग मामांना फोन हातात देऊन आमच्या लॅपटॉपवर काय पोहोचतं ते दाखवलं: नुसते आकडे. तिघं तयार झाले. मामा नाही झाले. त्यांच्यासाठी परवानगी न मागता फक्त हात वर करायची लिंक ठेवली. ते बोलले की नाव येत नाही, पण त्यांचा आवाज चाकणपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

१८ जून

मध्ये बोलायची पाळी.

समोरासमोर बोलताना एक थांबला की दुसरा पाव सेकंदाच्या आतच सुरू होतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय. आप्पा उद्यमनगरातल्या शेडमध्ये मोबाइल डेटावर. त्यांचा उशीर कधीकधी याच्या दुपटीवर जातो. म्हणजे खोलीत कुणी थांबलं हे त्यांना कळेपर्यंत खोलीतला दुसरा सुरू झालेला असतो. आप्पा भिडस्त नाहीत, त्यांना फटच मिळत नाही. हे कोडनं भरून निघणार नाही, खोलीला थांबवायला लागणार.

हात वर केल्याची खूण टीव्हीवर येतेच. आप्पांचं म्हणणं: "आरं पोरा, हात वर केला की तिकडं बघतंय कोण?" बरोबर आहे, सगळे टेबलावरच्या कास्टिंगकडे बघत असतात. म्हणून ईएसपी३२ हा छोटा वायफाय असलेला बोर्ड घेतला, पाचशेच्या आत मिळतो, आणि त्यावर एक पिवळा दिवा जोडला. बाहेरच्या कुणीही हात वर केला की दिवा लागतो. भिंतीवर, टीव्हीच्या वर, ऐटीत लावला.

दादा म्हणाले, "दिवा माझ्या पाठीमागं लावलासा, मला दिसणार कसा?"

दिवा टेबलाच्या मधोमध, स्पीकरफोनशेजारी आणला. लागल्यावर लोक बघायचे, आणि बोलत राहायचे. त्याबरोबर टिंग वाजवून पाहिलं. स्पीकरफोननं ती टिंग उचलून बाहेरच्यांना पाठवली आणि प्रत्येक वेळी ताईंना वाटायचं नवीन कुणी आलं. टिंग काढली. शेवटी जे चाललं ते असं: हात वर केल्यावर दिवा आधी मंद लागतो आणि माणूस जितका वेळ ताटकळतो तितका भडक होत जातो. दीड मिनिट झालं की लुकलुकायला लागतो. लुकलुकणाऱ्या दिव्याशेजारी बसून कास्टिंग बघत राहणं कुणालाच जमत नाही. दिवा लावणाऱ्याचं नाव फोनवर येतंच, दादा "बोला आप्पा" म्हणतात.

आप्पांनी पहिल्यांदा पूर्ण बोलून घेतलं ते असं: मोल्ड बॉक्सच्या पिना झिजल्यात, साच्याचा वरचा-खालचा भाग सरकतोय, पॅटर्न बरोबर आहे. पिना तपासायला माणूस लगेच खाली पाठवला. पिना खरंच झिजलेल्या होत्या.

२७ जून

कास्टिंग दाखवणं. वेबकॅमसमोर धरलं की फोकस पुढं-मागं शोधत बसतो, काळ्या तुकड्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि मागची खिडकी पांढरीफटक होते. त्यात नेट कमी पडलं की ब्राउझर हालचाल सुरळीत ठेवण्यासाठी बारकावा सोडतो. चेहऱ्यासाठी ठीक, ब्लोहोलसाठी (गॅसमुळे पडलेल्या खड्ड्यासाठी) निरुपयोगी. आम्हाला नेमकं उलट हवं: फ्रेम कमी चालतील, बारकावा हवा.

जुना अँड्रॉइड फोन वाकणाऱ्या दांड्याच्या स्टँडवर टेबलाकडे तोंड करून लावला (स्टँड सहाशेला). त्याचं चित्र १०८० मध्ये, सेकंदाला पाच फ्रेम, आणि ब्राउझरला या व्हिडिओसाठी "डिटेल" असा इशारा दिला, म्हणजे नेट आवळलं तरी फ्रेम कमी होतात, चित्र धूसर होत नाही. फोकस एका अंतरावर पक्का केला आणि टेबलावर खडूनं चौकोन आखला: तुकडा इथंच ठेवायचा.

प्रकाशानं मात्र दमवलं. रिंग लाइट वरून टाकला की पृष्ठभाग सपाट दिसतो, खड्डे नाहीसे होतात. फेटलिंगमधल्या (कास्टिंग घासून साफ करणाऱ्या विभागातल्या) पोरानं टॉर्च घेतली आणि टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. प्रत्येक खड्ड्याला सावली आली. ताई पलीकडून लगेच म्हणाल्या, "हा गॅसचा नाही, वाळूचा आहे, कडा बघा." रिंग लाइट परत केला, टेबलाच्या कडेला एलईडी पट्टी आडवी बसवली. शेजारी स्टीलची पट्टी ठेवायचा नियम केला, नाहीतर दोन मिलिमीटरचा खड्डा टीव्हीवर वीतभर दिसतो.

नंतर एक बटण जोडलं: त्याच फोननं पूर्ण रिझोल्युशनचा फोटो काढून चॅटमध्ये टाकायचा. व्हिडिओवर एवढी मेहनत घेतली आणि लोक वापरतात ते हे बटण. फोटो थांबतो, त्यावर बोट ठेवता येतं, हीट नंबरसह (तुकडा कोणत्या वितळणीतला त्याचा नंबर) तो जपून ठेवता येतो. आधी सुचलं असतं तर व्हिडिओचं निम्मं काम टाळता आलं असतं.

४ जुलै

सीएंनी विचारलं, संचालकांची बैठक यावर चालेल का? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३(२) मध्ये व्हिडिओवरून हजर राहायला मुभा आहे, पण २०१४ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीला हजेरी घ्यावी लागते: प्रत्येकानं नाव, ठिकाण, विषयपत्रिका मिळाल्याचं सांगायचं. शिवाय रेकॉर्डिंग जपायचं. हजेरीसाठी वेगळी स्क्रीन पटकन झाली. जित्सीचं रेकॉर्डिंग करणारं जिब्री मात्र आत अख्खा क्रोम ब्राउझर चालवून त्याचं चित्रण करतं आणि एका वेळी एकच बैठक घेतं. आमच्या सर्व्हरला ते पेलेना. दुसरा सर्व्हर त्या दिवसापुरता भाड्यानं घ्यायचा असं ठरलं. रिजेक्शनच्या बैठकीचं रेकॉर्डिंग करायचं नाही, हेही ठरलं. मामांना तसं कळवलं.

९ जुलै

भर बैठकीत लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर बंद. राउटरला आणि फायबरच्या डबीला मिळून एक मिनी यूपीएस, सोळाशे रुपये. दोन्हींचे व्होल्ट बघून घ्या, सगळ्या डब्या १२ व्होल्टच्या नसतात.

१९ जुलै

धो धो पाऊस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे मेसेज सकाळपासून फिरतायत, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि बैठकीत खोलीतलेच दोघं घरून आले. साधनाची खरी परीक्षा आज व्हायची होती, पण पत्र्यानं ती होऊ दिली नाही. थेंबांचा मारा इतका की बोलण्याच्या पट्टीतला सगळा भाग भरून गेला. नॉइज सप्रेशन चालू केलं तर पाऊस गेला, पण शब्दांच्या शेवटची अक्षरंही गेली. नावं दाखवणारे आकडे सगळ्या फोनवर एकदम चढले आणि स्क्रीनवर कुणाचंच नाव टिकेना. भिंतीवरची ग्लासवूल इथं उपयोगाची नाही. ती खोलीत घुमणारा आवाज शोषते, पत्रा वाजतो तो वाजतोच.

तात्पुरतं: पाऊस असेल तेव्हा खोलीतल्यांनीही गळ्याजवळच्या वायर्ड इअरफोनच्या माइकवर, एकेकट्यानं, वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं. एक जण स्टोअरमध्ये, एक जण पेंट बूथशेजारी. दादांना ते पटलेलं नाही. पत्र्याला खालून डॅम्पिंग (कंप जिरवणारी) शीट चिकटवायचा अंदाज काढलाय, खोलीपुरता अठरा-वीस हजार. पण शीट चिकटवायला पत्रा कोरडा लागतो, म्हणजे हे काम ऑक्टोबरच्या आधी होत नाही. तोवर फोनवरच्या आकड्यांसाठी पावसाच्या पट्टीपेक्षा खालचा, ३०० हर्ट्झच्या आसपासचा भागच मोजून बघतोय. घरगुती चाचणीत, पत्र्यावर नळी सोडून, थोडी सुधारणा दिसली. पुढच्या बैठकीला लावतो.